शुक्रवारची विक्री

१

त्सांको दोयचेव्ह यांच्या घरातून काहीही चोरीला गेले नव्हते. कपाटातली रोकड, वारलेल्या बायकोची सोन्याची साखळी, जहाजावरून आणलेले पितळी घड्याळ, सगळे जागच्या जागी होते. गायब होते ते फक्त अमेरिकन कंपन्यांचे शेअर. तेही गायब म्हणता येत नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी ते सगळेच्या सगळे त्सांकोंच्या फोनवरून विकले गेले होते आणि आलेली रक्कम त्सांकोंच्याच खात्यात पडून होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

सोमवारी सकाळी एकोणऐंशी वर्षांचे त्सांको आपल्या पलंगावर मृतावस्थेत सापडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. खिडकी सताड उघडी होती आणि बल्गेरियाच्या किनाऱ्यावरचा फेब्रुवारीतला वारा खोलीभर फिरत होता. शरीर इतके गारठले होते की मृत्यूची वेळ सांगताना शवचिकित्सकांनी हात टेकले. गुरुवार ते रविवार, कधीही. एक गोष्ट मात्र त्यांनी ठामपणे सांगितली. रक्तस्रावानंतर म्हातारा लगेच गेलेला नव्हता. बराच वेळ जिवंत होता, आणि वेळेवर इस्पितळात नेला असता तर कदाचित वाचलाही असता.

त्सांकोंकडे स्वयंपाकपाणी करणाऱ्या सेव्दाने दार उघडले होते. पोलिस आले तेव्हा त्सांकोंचा फोन तिच्या पिशवीत होता. मृताच्या उजव्या अंगठ्यावर दाबल्याचे वळ होते आणि अंगठा व पहिले बोट यांच्यामधल्या कातडीवर एक लालसर डाग. सरकारी वकील स्तोइमेनोव्ह यांना एवढे पुरेसे होते.

"फोन अंगठ्याने उघडतो," ते इन्स्पेक्टर रायना काल्चेव्हाला म्हणाले. "हिने म्हाताऱ्याचा अंगठा धरला, शेअर विकले. पुढे कळलं की पैसे त्याच्याच खात्यात जातात. तिथे गाडी अडली. चोर अडाणी निघाला, बस."

"अडाणी चोराला अमेरिकेचा बाजार आपल्याकडे संध्याकाळी उघडतो ते बरं ठाऊक," रायना म्हणाली.

स्तोइमेनोव्ह हसले नाहीत. उद्या दुपारी सेव्दाला न्यायालयापुढे उभे करायचे होते. एकदा कोठडी वाढली की शुमेनजवळच्या खेड्यातल्या, वकील न परवडणाऱ्या बाईकडे वर्षभर कोणी फिरकणार नाही, हे रायनाला बावीस वर्षांच्या नोकरीत पाठ झाले होते.

२

सेव्दा मेहमेदोव्हा रडत नव्हती. ती चिडली होती. त्सांकोकाकांच्या मुलीला कळवायला फोन उचलला, तो उघडेना, म्हणून पिशवीत टाकला आणि शेजारी धावले, असे तिने चौथ्यांदा सांगितले.

रायनाने शुक्रवारबद्दल विचारले. सेव्दा शनिवार-रविवार सोडून रोज जायची, मग शुक्रवारी का नाही? गुरुवारी संध्याकाळी व्हेनेताचा, म्हणजे काकांच्या मुलीचा फोन आला होता, असे सेव्दा म्हणाली. उद्या मी आहे घरी, तू येऊ नकोस, म्हणाली. सुट्टी मिळाली तर कोण कारण विचारत बसतो?

"आणि खिडकी?"

"तीच तर गंमत आहे. जन्मभर समुद्रावर काढलेला माणूस, पण खिडकीला बोटभर फट दिसली की मला शिव्या द्यायचे. म्हणायचे, सेव्दा, समुद्राला मला बुडवून मारता आलं नाही म्हणून आता तू गारठवून मारतेस का?" तिने नाक पुसले. "काकांनी ती खिडकी उघडली नाही, बाई. मीही नाही."

मग तिने आपणहून आणखी एक सांगितले. काका ते शेअर कधीच विकणार नव्हते. कोणी विषय काढला तरी हातातला चमचा आपटायचे.

३

व्हेनेता दोयचेव्हा पुलाजवळच्या औषधांच्या दुकानात काम करत होती. बापाचे प्रेत सापडून दोन दिवस झाले नाहीत तोच ती गल्ल्यावर उभी होती. काळा स्वेटर, नीट विंचरलेले केस. तिचा धाकटा भाऊ प्लामेन मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांवर बसला होता. तो मालवाहू ट्रक चालवायचा. शुक्रवारी तो सर्बियाच्या सीमेवर रांगेत अडकला होता, आणि सीमेवरच्या कॅमेऱ्यांनी ते सिद्धही केले होते.

व्हेनेताच्या म्हणण्याप्रमाणे सुट्टी सेव्दानेच मागितली होती. गुरुवारी संध्याकाळी आपण बाबांकडे गेलो, ते ठीक होते, सूप प्यायले. शुक्रवारी आपले डोके दुखत होते म्हणून रजा घेऊन घरीच पडून राहिलो. शनिवार-रविवार फोन केला, उचलला नाही. बाबा बऱ्याचदा उचलत नसत.

सगळे पटण्यासारखे होते. तिचा आवाज कुठेही अडखळला नाही.

शेअरबद्दल बोलला तो प्लामेन. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात बँका बुडाल्या तेव्हा बाबांचे वीस वर्षांचे पैसे एका आठवड्यात पावाच्या किमतीचे झाले. बर्फात बँकेच्या बंद दारापुढे ते रोज जाऊन उभे राहत. व्हेनेता त्यांना हाताला धरून घरी आणायची. मी लहान होतो, तो म्हणाला, मला फक्त एवढे आठवते की बाबा बूट न काढता जेवायला बसायचे. त्यानंतर ते परत जहाजावर गेले, डॉलरमध्ये पगार घेतला, आणि या देशात पुन्हा एक पैसा ठेवणार नाही म्हणाले. सगळा अमेरिकेत.

"मला त्यातली फुटकी कवडी दिली नाही त्यांनी," प्लामेन म्हणाला. "ट्रकचं इंजिन बसलं तेव्हा मागितले, तर म्हणाले, मी मेल्यावर विका. तोवर हात लावाल तर भूत होऊन येईन."

"मी मेल्यावर विका, असं म्हणायचे?"

"रोज. पावावर मीठ टाकावं तसं."

रायनाने व्हेनेताकडे पाहिले. ती गोळ्यांची पाकिटे एकावर एक रचत होती. रचलेली पाकिटे तिने मोडली आणि पुन्हा रचायला घेतली.

बापाने मेल्यावर विकायला सांगितलेली वस्तू कोणीतरी आधीच विकली होती. आणि नफा कोणालाच झाला नव्हता.

४

त्सांकोंना अमेरिकेचा रस्ता दाखवणारा ल्युद्मिल गानेव्ह गुंतवणूक सल्लागार होता. त्याच्या कचेरीत काचेचे टेबल होते आणि त्यावर त्याच्या कोपरांचे ठसे. रायनाने त्याला वेगळाच प्रश्न विचारला. या शेअरमध्ये काय काय खर्च असतो?

तो जरा सुखावला. हा विषय त्याच्या आवडीचा होता. दलाली तर सगळ्यांना दिसते, तो म्हणाला. न दिसणारे खर्च वेगळे. आपल्या लेव्ह चलनाचे डॉलर करताना प्रत्येक वेळी थोडा तुकडा मधल्यामध्ये राहतो. त्सांको त्याला हसायचे. आपला लेव्ह युरोला बांधलेला आहे, त्यात कसलं नुकसान, म्हणायचे. बांधलेला युरोला होता, डॉलरला नव्हे, पण एवढी वर्षे एकच भाव पाहिलेल्या माणसाला ते सांगून पटत नाही. मग लाभांशावर तिकडे आधीच कापला जाणारा कर. शेअर सांभाळण्याचे वार्षिक शुल्क.

"तो तुकडा कोणाकडे राहतो?"

"थोडा आमच्याकडे," ल्युद्मिल म्हणाला आणि टेबल पुसू लागला.

"आणि मालक मेला तर?"

त्याचा हात थांबला.

मग हळू आवाजात त्याने सांगितले. परदेशी माणूस मेला आणि त्याच्याकडे साठ हजार डॉलरहून जास्त किमतीचे अमेरिकन शेअर असले, तर वरच्या रकमेवर अमेरिका वारसा कर घेते. दर चढत जातो, चाळीस टक्क्यांपर्यंत. काही देशांनी अमेरिकेशी करार करून सूट मिळवली आहे. बल्गेरियाने नाही. मृत्यू कळला की खाते गोठते आणि कराचा निपटारा होईपर्यंत, वर्ष-दोन वर्षे, वारसांना काही मिळत नाही. त्सांकोंचे शेअर तीन लाख दहा हजार डॉलरचे होते. ऐंशी हजारांच्या आसपास गेले असते.

"हे म्हाताऱ्याला माहीत होतं?"

"आपल्याकडे बापाकडून लेकरांना येतं त्यावर कर नाही. तो प्रश्न कोणी विचारतच नाही हो. आणि पैसे गुंतवायला आलेल्या माणसाला, तुम्ही मेल्यावर काय, असं मी कसं विचारू?"

"पण जिवंतपणी विकले तर?"

"तर अमेरिका एक सेंट मागत नाही."

रायनाने पुढचा प्रश्न विचारायच्या आधी हातातल्या सूर्यफुलाच्या बिया टेबलावर ठेवल्या. तिला हात मोकळे हवे होते.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं, गानेव्ह?"

"गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला," तो म्हणाला. "व्हेनेताचा. म्हणाली, सहज विचारते, बाबांना काही झालं तर त्या शेअरचं काय होतं? मी सांगितलं. ती म्हणाली, बाजार उद्या किती वाजता उघडतो? मी तेही सांगितलं. विक्रीच्या वेळी प्रत्येक व्यवहाराला पुन्हा अंगठा लागतो, हेही." त्याने मान खाली घातली. "सोमवारी बातमी कळली तेव्हापासून मी जेवलेलो नाही."

५

स्तोइमेनोव्ह यांनी पटकन नवी गोष्ट जुळवली. गुरुवारी म्हातारा मेला. मुलीने कर वाचवायला मृत्यू लपवला, खिडकी उघडून प्रेत गार ठेवले, शुक्रवारी मेलेल्या अंगठ्याने शेअर विकले आणि सोमवारी कामवालीला प्रेत सापडू दिले. फसवणूक. दंड, फार तर निलंबित शिक्षा, अमेरिकेला तिचा हिस्सा. सेव्दाला तूर्त आतच ठेवू, तिने मदत केली असेल.

"शेअर विकून पैसे बापाच्याच खात्यात का ठेवले ते तरी सुटलं," ते म्हणाले. "तुम्हाला अजून काय हवंय?"

रायनाला तो लालसर डाग हवा होता. त्याचा अर्थ अजून कोणी लावला नव्हता.

ती पुन्हा त्सांकोंच्या इमारतीत गेली. समोरच्या दारात राहणाऱ्या स्तामेना आजींनी तिला स्वयंपाकघरात बसवून लिंडनच्या फुलांचा चहा दिला आणि मेलेल्याचे गुणगान सुरू केले. रायनाने शुक्रवारचे विचारले. कोणी आले-गेले?

व्हेनेता होती ना, आजी म्हणाल्या. संध्याकाळी, दिवे लागल्यावर दार ठोठावले. मेणबत्ती आहे का, म्हणाली, घरातला फ्यूज उडालाय. देवापुढे गेल्या ईस्टरची तेवढी होती, ती दिली.

"मी म्हटलं तिला, पोरी, फ्यूज तुमचाच बरा उडाला, जिन्यात लख्ख उजेड आहे आणि तुमच्या दाराखालूनही येतोय," आजी म्हणाल्या. "हसली नाही. आणि खरं सांगू, ईस्टरची मेणबत्ती मी फ्यूजसाठी देत नसते. ती मरणाऱ्याच्या हातात द्यायला राखून ठेवतात, पुढची वाट दिसावी म्हणून. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवलं नाही."

रायनाचा चहा तसाच राहिला. जिन्यातच तिने शवचिकित्सकांना फोन लावला. तो डाग मेणाचा चटका असू शकतो का?

असू शकतो, ते म्हणाले, कडेला मेणाचा पापुद्राही होता, तो आम्ही पुसून काढला. त्यांनी तेव्हा त्याला महत्त्व दिले नव्हते.

"मेलेल्या कातडीवर पडला तर असा लाल होईल?"

"मेलेली कातडी लाल होत नाही, काल्चेव्हा. त्यासाठी वाहतं रक्त लागतं."

विक्री झाली होती साडेचारनंतर लगेच. मेणबत्ती नेली होती दिवे लागल्यावर. आणि चटका बसला तेव्हा त्सांको दोयचेव्ह जिवंत होते.

६

व्हेनेता जबाब द्यायला आली ती तयारीने. सोबत प्लामेन होता, तो बाहेर थांबायला तयार होईना. रायनाने त्याला बसू दिले.

व्हेनेताने स्वतःहून सगळे कबूल केले. बाबा गुरुवारी संध्याकाळीच गेले होते. आपण पोचलो तेव्हा श्वास नव्हता. ल्युद्मिलला फोन केला, कराचे कळले, आणि डोके फिरले. शुक्रवारी त्यांचा अंगठा धरून विकले. चूक झाली. अमेरिकेचा कर भरीन, दंड भरीन. सेव्दाला सोडा, तिचा काही संबंध नाही.

प्लामेनने तोंडावरून हात फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता आणि रागाखाली थोडी सुटकाही. "मेलेल्याचा अंगठा दाबलास," तो म्हणाला. "ठीक आहे. मेलेल्याला काय कळतंय."

रायनाला ठाऊक होते की हा जबाब कागदावर टिकेल. त्यात पैसे जात होते, पण ही बाई तुरुंगाबाहेर राहत होती. चटक्याचा पुरावा तिच्याकडे होता आणि वकील त्यावर महिनोन्‌महिने भांडले असते. तिने आवाज चढवला नाही.

"म्हणजे तुम्ही पोचलात तेव्हा ते एकटेच गेले होते. पलंगावर, अंधारात."

व्हेनेताने स्वेटरची बाही मनगटावर ओढून घेतली.

"हातात मेणबत्ती नव्हती."

प्लामेनने वळून बहिणीकडे पाहिले. आई गेली तेव्हा तो सीमेपलीकडे होता आणि पहिला प्रश्न त्याने, हातात मेणबत्ती होती ना, हाच विचारला होता, हे रायनाला माहीत नव्हते. व्हेनेताला माहीत होते.

"वेनो," तो म्हणाला. "बाबा तसेच गेले?"

नुसते 'हो' म्हटले असते तरी चालले असते. रायना थांबली. व्हेनेताचे ओठ हलले, तो शब्द तिने तोंडात आणलाही, पण भावाच्या डोळ्यांपुढे तिला तो बोलता येईना.

"नाही," ती म्हणाली. "होती मेणबत्ती. मी धरली होती. त्यांची बोटं मिटत नव्हती, मी माझ्या हाताने मिटवून धरली."

"कधी?"

"शुक्रवारी. आजींकडून आणली."

"ते जिवंत होते?"

"ज्योतीकडे बघत होते."

पुढचे तिने न थांबता सांगितले. गुरुवारी संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेले सापडले. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. तिने त्यांना ओढत पलंगावर नेले. रुग्णवाहिकेसाठी फोन हातात घेतला. आकडे दाबायच्या आधी वाटले, एकच फोन आधी करून घ्यावा. ल्युद्मिलशी बोलल्यावर तिने हिशेब केला. इस्पितळात नेले आणि रात्रीतून गेले, तर सगळे गोठणार. अतिदक्षता विभागात फोन घेऊन, बापाचा अंगठा धरून कोण बसू देतो? दुसऱ्या दिवशी साडेचारपर्यंत थांबायचे, विकायचे, आणि मग लगेच रुग्णवाहिका. एवढेच ठरवले होते.

"मग साडेचारला का नाही बोलावली?"

"मी औषधांच्या दुकानात काम करते, बाई. आलेल्या डॉक्टरने एका नजरेत ओळखलं असतं की हा माणूस आदल्या दिवसापासून पडलाय." ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. "आणि तोवर ते वाचणारेही राहिले नव्हते. ते मात्र मला नक्की कळत होतं."

खिडकी तिने नंतर उघडली, आत्म्याला वाट मिळावी म्हणून. बंद करायचे धैर्य झाले नाही. ती पुन्हा त्या घरात गेलीच नाही.

"सत्त्याण्णवला मी त्यांना त्या दारापासून घरी आणायचे," ती प्लामेनला म्हणाली. "तू लहान होतास. रोज जायचे आणि रोज बंद दार बघून यायचे. दुसऱ्यांदा त्यांचे पैसे कोणी घेऊन गेलेलं मला बघवलं नसतं."

प्लामेनने एकच विचारले. त्या सबंध रात्रीत आणि दिवसात बाबा काही बोलले का?

"पाणी मागितलं."

"दिलंस?"

"चमच्याने दिलं. उतरलं नाही."

स्तोइमेनोव्ह यांनी दुपारी नवे कलम लावले. फसवणुकीचे नव्हे. विक्री झाली तेव्हा मालक जिवंत होता आणि पैसे त्याच्याच खात्यात आले, त्यामुळे त्या बाबतीत व्हेनेतावर ठेवता येण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. कलम होते मरणाच्या दारातल्या बापाला जाणूनबुजून मदतीविना ठेवल्याचे, आणि ते कितीतरी जड होते.

सेव्दाला तिची पिशवी परत मिळाली. तिने सही केली, बाहेर जाता जाता दारात थांबली आणि काकांना अंघोळ कोणी घातली, असे विचारले. रायना नोंदवही चाळू लागली. सेव्दा मान हलवून गेली.

प्लामेन जिन्याजवळ उभा होता. खाते गोठलेले नाही, रायनाने त्याला सांगितले, पण बापाच्या मरणाला कारण ठरलेल्याला वारसा मिळत नाही. बहिणीवरचा आरोप सिद्ध झाला तर सगळे त्याच्याकडे येईल.

"अमेरिकेला काही द्यावं लागेल?"

"नाही. त्यांच्या हयातीत विकले गेले. पूर्ण रक्कम आहे."

त्याने ट्रकच्या किल्ल्या खिशातून काढल्या, बघितल्या आणि पुन्हा खिशात टाकल्या.

"इथला सगळ्यात महाग वकील कोण, तेवढं सांगा," तो म्हणाला. "तिच्यासाठी."

रायनाने नाव सांगितले. प्लामेनने ते लिहून घेतले आणि फी किती घेतो, ते विचारले नाही.